केमोथेरपी : मूलतत्त्वे, दुष्परिणाम आणि घरच्या माणसांचे काम

कर्करोगाचे निदान झाले की घरात दोन प्रश्न एकाच वेळी उभे राहतात. पहिला, रोगी बरा होईल का? आणि दुसरा, त्याला केमो सोसेल का? आप्तेष्ट, सहकारी आणि वस्तीतील माणसे यांच्याबरोबर रुग्णालयाच्या फेऱ्या करताना आमच्या असे लक्षात आले आहे की, पुष्कळदा पहिल्या प्रश्नापेक्षा दुसऱ्याचीच भीती मोठी असते. रोगापेक्षा औषध वाईट, केमो दिली की माणूस खंगतो, अशी वाक्ये नात्यातलेच कोणीतरी बोलून जाते. रोगी ती ऐकतो आणि एक-दोन डोसांनंतर उपचार सोडून घरी बसतो. त्याचे पुढे काय होते, हे आपण सर्वांनी आपापल्या वस्तीत पाहिले आहे.

आम्ही डॉक्टर नाही. कला शाखेचे पदवीधर असून पोटापाण्यासाठी बँकेत कारकुनी करतो. परंतु जे औषध आपल्या माणसाच्या शिरेत सोडले जाते ते काय आहे, ते कसे काम करते आणि त्याचा त्रास का होतो, एवढे तरी आपल्याला समजले पाहिजे, या हेतूने आम्ही वाचत गेलो आणि तज्ज्ञांना विचारत गेलो. त्यातून जे समजले ते सोप्या भाषेत वाचक बंधू-भगिनींपुढे ठेवीत आहोत. कोणते औषध किती घ्यावे हे सांगण्याचा आमचा अधिकार नाही. ते काम रोग्याच्या डॉक्टरांचेच आहे.

कर्करोग म्हणजे काय?

आपले शरीर असंख्य पेशींचे बनलेले आहे. जुन्या पेशी मरतात, त्यांच्या जागी नव्या येतात. एका पेशीच्या दोन, दोनाच्या चार, अशा रीतीने त्या वाढतात. या वाढीला शरीराचा लगाम असतो. जखम भरून आली की तेथील पेशी वाढायच्या थांबतात. कर्करोगात हा लगाम तुटतो. पेशीच्या गाभ्यातील सूचनांत बिघाड होतो आणि ती गरज नसताना वाढत राहते. त्यातून गाठ होते किंवा रक्तात विकृत पेशींची गर्दी होते. पुढे या पेशी रक्तावाटे किंवा लसिकेवाटे दूरच्या अवयवांत जाऊन तेथेही वाढू लागतात.

या रोगावर तीन जुने उपचार आहेत. शस्त्रक्रियेने गाठ काढून टाकता येते. किरणोपचाराने, म्हणजे ज्याला आपल्याकडे ‘शेक देणे’ किंवा ‘लाईट देणे’ म्हणतात त्याने, गाठीच्या जागेवरील पेशी मारता येतात. पण हे दोन्ही उपचार प्रामुख्याने एका जागेपुरते असतात. ज्या पेशी गाठीतून निसटून अन्यत्र गेल्या, त्यांना गाठायचे तर औषध रक्तातून सर्वत्र पोचले पाहिजे. हे काम तिसरा उपचार करतो. तो म्हणजे केमोथेरपी, अर्थात रसायनोपचार.

या औषधांचा जन्म

ही औषधे कोठून आली याचा इतिहास उद्बोधक आहे. पहिल्या महायुद्धात १९१७ साली मस्टर्ड नावाचे विषारी रसायन सैनिकांवर वापरले गेले. त्याने कातडी भाजत असे, डोळे जात असत. शिवाय मृतांची तपासणी करता रक्तातील पांढऱ्या पेशी आणि हाडांतील मगज नष्ट झाल्याचे आढळले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेतील येल विद्यापीठात गुडमन व गिलमन या संशोधकांनी असा विचार केला की, जे रसायन पांढऱ्या पेशी मारते ते लसिकाग्रंथींच्या कर्करोगातील पेशीही मारील. १९४२ साली त्यांनी याच जातीचे, नायट्रोजन मस्टर्ड हे औषध एका रोग्याला दिले. गाठी झपाट्याने विरघळल्या, पण काही आठवड्यांतच परत आल्या. हे संशोधन युद्धकाळात गुप्त ठेवण्यात आले आणि १९४६ साली प्रसिद्ध झाले. दरम्यान २ डिसेंबर १९४३ रोजी इटलीतील बारी बंदरावर जर्मन विमानांनी हल्ला केला. त्यात मस्टर्डचे बॉम्ब भरलेले एक अमेरिकन जहाज फुटले. त्यातून वाचून रुग्णालयात आलेल्या खलाशांच्या रक्तातही पांढऱ्या पेशी घटल्याचे डॉक्टरांनी नोंदविले.

दुसरा धागा मात्र आपल्या मुंबईतून निघतो. लूसी विल्स या ब्रिटिश डॉक्टर बाई १९२८ साली मुंबईत आल्या. परळच्या हाफकिन संस्थेत राहून त्यांनी कापड गिरण्यांत राबणाऱ्या गरीब गरोदर स्त्रियांच्या रक्तक्षयाचा अभ्यास केला. हा रक्तक्षय यीस्टच्या अर्काने बरा होतो, असे त्यांनी १९३१ साली दाखवून दिले. त्या अर्कातील गुणकारी घटक म्हणजे फॉलिक ॲसिड, हे पुढे सिद्ध झाले. आज गरोदर बायकांना लोहाबरोबर जी गोळी देतात ती हीच. नवी पेशी तयार होण्यासाठी फॉलिक ॲसिड लागतेच.

अमेरिकेत बोस्टन येथे डॉ. सिडनी फार्बर हे रक्ताच्या कर्करोगाने आजारी असलेल्या मुलांवर उपचार करीत होते. फॉलिक ॲसिडने पेशी वाढत असतील, तर त्याचा मार्ग अडवला की कर्कपेशी उपाशी मरतील, असा त्यांचा तर्क होता. असे अडविणारे औषध लेडर्ले कंपनीच्या प्रयोगशाळेत डॉ. येल्लाप्रगड सुब्बाराव यांच्या मार्गदर्शनाखाली तयार झाले. सुब्बाराव हे आंध्रातील भीमावरमचे. शिक्षणासाठी अमेरिकेला गेले आणि १९४८ साली तेथेच वारले. त्याच वर्षी फार्बर यांनी प्रसिद्ध केले की, सोळा मुलांपैकी दहा मुलांत रोग तात्पुरता हटला. तात्पुरता का होईना, पण हा रोग औषधाने हटतो हे जगाने पाहिले. याच कुळातील मेथोट्रेक्सेट हे औषध आजही वापरात आहे. मुलांच्या ज्या रक्तकर्करोगात पूर्वी मृत्यू ठरलेलाच असे, त्यातून आज प्रगत देशांत दहापैकी नऊच्या आसपास मुले बरी होतात.

पहिले तत्त्व : वाढत्या पेशीवर घाव

केमोथेरपीचे मुख्य तत्त्व एका वाक्यात सांगता येते. एका पेशीच्या दोन होत असताना ती नाजूक अवस्थेत असते, आणि बहुतेक औषधे तिला नेमके त्या वेळी गाठतात. काही औषधे पेशीच्या गाभ्यातील डी.एन.ए.चे धागे जखडून टाकतात. सायक्लोफॉस्फमाइड आणि सिस्प्लॅटिन ही त्यातली. काही औषधे डी.एन.ए. बांधण्याचा कच्चा माल तोडतात. मेथोट्रेक्सेट आणि फाइव्ह-एफ.यू. या गटात मोडतात. काही औषधे दुभंगणाऱ्या पेशीतील ओढदोरच निकामी करतात. यातले व्हिन्क्रिस्टिन हे आपल्या अंगणातील सदाफुलीपासून मिळते आणि पॅक्लिटॅक्सेल हे प्रथम यू नावाच्या झाडाच्या सालीपासून मिळाले. डॉक्सोरुबिसिन हे लाल रंगाचे औषध मातीतील सूक्ष्म जिवाणूंपासून मिळते.

येथे एक सावधगिरीची सूचना देणे आवश्यक वाटते. सदाफुलीपासून औषध होते असे ऐकून काही जण तिची पाने चावतात किंवा रस काढून देतात. पानांत हे द्रव्य अत्यल्प असते, ते किती पोटात गेले याचा हिशेब लागत नाही आणि बरोबर इतर विषारी द्रव्येही जातात. व्हिन्क्रिस्टिन हे मोजून-मापून फक्त शिरेवाटेच द्यावयाचे औषध आहे. तेव्हा हा प्रयोग कोणीही करू नये.

आता मुख्य मुद्दा. शरीरात झपाट्याने वाढणाऱ्या पेशी केवळ कर्करोगाच्याच असतात काय? नाही. हाडांतील मगज रात्रंदिवस रक्तपेशी तयार करीत असतो. तोंडाचे व आतड्याचे अस्तर दर काही दिवसांनी नवे होते. केसांची मुळे सतत वाढत असतात. औषधाला आपला-परका पूर्णपणे ओळखता येत नाही. ते या पेशींवरही घाव घालते. रक्त कमी होणे, तोंड येणे, जुलाब आणि केस गळणे हे चारही त्रास या एकाच कारणाने होतात. म्हणजे दुष्परिणाम ही औषधाची चूक नसून त्याच्या कामाचीच दुसरी बाजू आहे. फरक असा की, निरोगी पेशी काही दिवसांत सावरतात. कर्कपेशींना तसे सावरणे अवघड जाते. या फरकावरच सारा उपचार उभा आहे.

दुसरे तत्त्व : टक्केवारीचा हिशेब

एका डोसाने सर्व कर्कपेशी का मरत नाहीत? हे समजण्यास आम्हांला बँकेतला हिशेब उपयोगी पडला. औषधाचा प्रत्येक डोस ठरावीक संख्येने पेशी मारीत नाही, तर ठरावीक टक्केवारीने मारतो, असे अमेरिकन शास्त्रज्ञ हॉवर्ड स्किपर यांनी प्राण्यांवरील प्रयोगांतून दाखविले.

उदाहरण घेऊ. एक सेंटिमीटरच्या गाठीत ढोबळमानाने शंभर कोटी पेशी असतात असे मानतात. समजा, एका डोसाने शंभरातल्या नव्व्याण्णव पेशी मेल्या. उरल्या एक कोटी. गाठ आता हाताला लागत नाही, तपासणीतही दिसत नाही. रोग्याला बरे वाटते. पण एक कोटी पेशी आत आहेतच. दुसऱ्या डोसानंतर एक लाख उरतात, तिसऱ्यानंतर एक हजार, चौथ्यानंतर दहा. प्रत्यक्षात हिशेब इतका सरळ नसतो. दोन डोसांच्या मधल्या काळात काही पेशी पुन्हा वाढतात, काही औषधाला दाद देत नाहीत. परंतु कर्जाचे हप्ते मध्येच थांबविले तर उरलेल्या मुद्दलावर व्याज चढते, तसेच येथे घडते. गाठ विरघळली म्हणून दुसऱ्या-तिसऱ्या डोसानंतर थांबणारा रोगी नेमका याच ठिकाणी फसतो. शिवाय मागे उरलेल्या पेशींत औषधाला न जुमानणाऱ्या पेशींचा भरणा अधिक असू शकतो, म्हणून परतलेला रोग पहिल्यापेक्षा चिवट निघतो.

यावरून आणखी दोन गोष्टी उलगडतात. पहिली म्हणजे, दोन-तीन औषधे एकत्र का देतात? एका औषधातून सुटलेली पेशी दुसऱ्यात सापडावी म्हणून. ही औषधे निवडताना प्रत्येकाची कामाची रीत वेगळी आणि शक्यतो त्रासही वेगळा असेल असे पाहतात. दुसरी गोष्ट अशी की, शस्त्रक्रियेत गाठ पूर्ण निघाल्यावरही केमो का देतात? डोळ्यांना न दिसणाऱ्या, मागे राहिलेल्या पेशी संपविण्यासाठी. काही वेळा गाठ लहान करून शस्त्रक्रिया सुलभ व्हावी म्हणून ती आधीही देतात. आणि रोग फार पसरला असेल तर पूर्ण बरे करणे शक्य नसले तरी आयुष्य वाढविणे व वेदना कमी करणे, या हेतूने देतात. आपल्या रोग्याला केमो कोणत्या हेतूने दिली जात आहे, हे पहिल्याच भेटीत डॉक्टरांना स्पष्ट विचारावे. तो आपला हक्क आहे.

एकवीस दिवसांचे गणित

बरीच औषधे एकवीस दिवसांच्या अंतराने देतात. काही दर आठवड्याला, तर काही पंधरा दिवसांनी देतात. औषध आणि नंतरची विश्रांती मिळून एक सायकल होते. हे अंतर मनाने ठरविलेले नसते. औषधाने हाडांतील मगज मंदावला की पांढऱ्या पेशींची संख्या साधारणपणे सातव्या ते चौदाव्या दिवसाच्या सुमारास सर्वांत खाली जाते आणि एकविसाव्या दिवसापर्यंत बहुधा पूर्ववत होते. दुसरा डोस फार लवकर दिला तर शरीर सावरलेले नसते. फार उशिरा दिला तर कर्कपेशी सावरतात. म्हणून सण, लग्न, पेरणी किंवा परीक्षा यांसाठी आपल्या मनाने तारीख पुढे ढकलू नये. रक्ताचे आकडे कमी आल्यामुळे डॉक्टरांनी स्वतः डोस पुढे ढकलला, तर मात्र तो उपचाराचाच भाग समजावा, घाबरून जाऊ नये.

प्रत्येक वेळी उंची-वजन का घेतात, असेही लोक विचारतात. बहुतेक केमोचा डोस उंची व वजनावरून काढलेल्या शरीराच्या पृष्ठभागाप्रमाणे ठरतो. वजन बरेच उतरले तर डोसही बदलावा लागतो. म्हणून शेजारच्या खाटेवरील रोग्याच्या बाटलीशी आपल्या बाटलीची तुलना करण्यात अर्थ नाही.

रक्तावरील परिणाम : सर्वांत महत्त्वाचा भाग

या लेखातील बाकी सर्व विसरले तरी चालेल, परंतु हा भाग वाचकांनी लक्षात ठेवावा, अशी आमची कळकळीची विनंती आहे.

रक्तात तीन प्रकारच्या पेशी असतात. जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींतील मुख्य सैनिक रक्तात जेमतेम एखादा दिवस टिकतात. रक्त गोठविणाऱ्या प्लेटलेट्स आठ-दहा दिवस टिकतात. प्राणवायू वाहणाऱ्या लाल पेशी सुमारे १२० दिवस टिकतात. मगजातून नवी भरती थांबली की ज्यांचे आयुष्य कमी त्या आधी कमी होतात. म्हणून पांढऱ्या पेशी लवकर घटतात आणि रक्तक्षय मात्र काही सायकलींनंतर हळूहळू जाणवतो.

पांढऱ्या पेशी फार कमी असताना साधे जंतूही जिवावर उठतात. आणि यातली अडचण अशी की, पू, सूज, लाली, खोकल्याचा बेडका ही संसर्गाची नेहमीची लक्षणे पांढऱ्या पेशींमुळेच दिसतात. त्या नसल्या की लक्षणेही दिसत नाहीत. राहतो तो एकटा ताप. म्हणून केमो चालू असलेल्या माणसाला १००.४ अंश फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त ताप आला, अथवा ताप नसतानाही थंडी वाजून हुडहुडी भरली, तर ती तातडीची अवस्था समजावी. मग रात्रीचे दोन वाजलेले असोत की सुट्टीचा दिवस असो. तापाची गोळी देऊन सकाळची वाट पाहू नये. गोळीने आकडा उतरतो, पण जंतू आत वाढतच राहतात. अशा रोग्याला रुग्णालयात पोचताच तासाभराच्या आत शिरेवाटे प्रतिजैविक मिळावे, असा वैद्यकीय दंडक आहे.

आमच्या नात्यातील एका गृहस्थांना डोसानंतर दहाव्या दिवशी ताप आला. गावातील दवाखान्यात त्यांना हंगामी ताप म्हणून गोळ्या देण्यात आल्या. केमो चालू आहे हे तेथे कोणी विचारले नाही आणि घरच्यांना ते सांगण्याचे महत्त्व कोणी समजावले नव्हते. तिसऱ्या दिवशी रक्तदाब उतरलेल्या अवस्थेत त्यांना शहरात आणले. अतिदक्षता विभागात काही दिवस काढून ते वाचले. वाचतातच असे नाही. म्हणून दवाखाना कोणताही असो, दारात पाऊल टाकताच पहिले वाक्य हे म्हणावे : “यांची केमो चालू आहे, शेवटचा डोस अमुक तारखेला झाला.” केमोची फाइल कायम जवळ ठेवावी.

पांढऱ्या पेशी वाढविण्यासाठी कातडीखाली एक इंजेक्शन देतात. त्याने हाडे दुखतात, ते मगज कामाला लागल्याचे लक्षण आहे. प्लेटलेट्स कमी झाल्यास हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त येणे, अंगावर बारीक लाल ठिपके उठणे, काळी शौचास होणे अशी लक्षणे दिसतात. तेव्हाही त्वरित रुग्णालय गाठावे. ॲस्पिरिन किंवा अंगदुखीच्या गोळ्या दुकानातून आणून देऊ नयेत. ज्यांना शक्य आहे अशा तरुणांनी रक्त व प्लेटलेट्सचे दान करण्यास पुढे यावे.

इतर दुष्परिणाम

मळमळ व उलटी : काही औषधे मेंदूतील उलटीचे केंद्र चेतवतात. सिस्प्लॅटिन यात अग्रभागी आहे. एके काळी याच त्रासाने लोक पळून जात. १९९० च्या दशकात ऑन्डॅन्सेट्रॉनसारखी औषधे आली आणि त्यानंतर त्यांत भर पडत गेली. आज बहुतेकांची उलटी आवरता येते. मात्र या गोळ्या उलटी होण्यापूर्वी, सांगितलेल्या वेळीच घ्याव्या लागतात. उलटी झालीच नाही म्हणून बंद करू नयेत. थोडे थोडे, वारंवार आणि गार झालेले अन्न द्यावे. फोडणीचा वास दूर ठेवावा.

तोंड येणे : साधारण आठवड्याभराने तोंड लाल होऊन फोड येतात. मीठ व खाण्याचा सोडा घातलेल्या कोमट पाण्याने दिवसातून चार-पाच वेळा गुळण्या कराव्यात. ब्रश मऊ असावा. तिखट टाळावे आणि तंबाखू-मिश्री कायमची सोडावी.

जुलाब व बद्धकोष्ठता : औषधानुसार दोन्ही होऊ शकतात. कॅपेसिटाबिन व फाइव्ह-एफ.यू. यांनी जुलाब होतात, तर व्हिन्क्रिस्टिनने आतडे मंदावते. दिवसातून चार-पाच वेळा अधिक जुलाब झाले किंवा पाणीही पोटात ठरेना, तर घरी थांबू नये. एनिमा मात्र विचारल्याशिवाय कधीही देऊ नये.

केस गळणे : सर्वच औषधांनी केस जात नाहीत. ज्यांनी जातात त्यांत पहिल्या डोसानंतर दोन-तीन आठवड्यांत गळती सुरू होते. जिवाला यापासून धोका नाही, पण मनाला लागणारा घाव मोठा असतो, विशेषतः भगिनींच्या. केस गेले की रोग चारचौघांत उघड होतो, नजरा वळतात, मुलीच्या लग्नाची चर्चा थांबते. डोक्यावरचा हा ओझ्याचा भाग औषधाने नव्हे तर आपण सगळ्यांनी दिलेला असतो. उपचार संपल्यावर दोन-तीन महिन्यांत केस पुन्हा येऊ लागतात.

हातापायांना मुंग्या : व्हिन्क्रिस्टिन, पॅक्लिटॅक्सेल, ऑक्सालिप्लॅटिन यांचा परिणाम मज्जातंतूंवर होतो. बटण लागेना, चप्पल पायातून निसटली तरी कळेना, अशी तक्रार असल्यास ती लपवू नये. डोस बदलता येतो. हा त्रास जाण्यास महिने लागतात आणि काहींचा थोडाफार राहतो.

हृदय, मूत्रपिंड, कान : डॉक्सोरुबिसिनचा आयुष्यभराचा एकूण डोस वाढला तर हृदय कमजोर होऊ शकते. म्हणून आधी हृदयाची सोनोग्राफी करतात व एकूण डोसाची नोंद ठेवतात. हे औषध दिल्यावर एक-दोन दिवस लघवी लालसर होते. ते औषधाच्या रंगामुळे, रक्त नव्हे. सिस्प्लॅटिनने मूत्रपिंडावर व ऐकण्यावर परिणाम होतो, म्हणून बाटल्यांवर बाटल्या सलाईन देतात. सायक्लोफॉस्फमाइडनंतर डॉक्टर सांगतील तितके भरपूर पाणी पिऊन लघवी तुंबू न देणे आवश्यक आहे. एरवी मूत्राशयास इजा होते.

शिरेची जागा : औषध चालू असताना सुईच्या ठिकाणी आग किंवा दुखणे जाणवले तर संकोच न करता ताबडतोब परिचारिकेला सांगावे. काही औषधे शिरेबाहेर पडल्यास मांस जाळतात.

संततीचा प्रश्न : काही औषधांनी स्त्री व पुरुष दोघांचीही प्रजननक्षमता कमी किंवा बंद होऊ शकते. तरुण रोग्याने उपचार सुरू होण्यापूर्वी याविषयी विचारावे. पुरुषाचे वीर्य गोठवून ठेवण्याची आणि स्त्रियांसाठीही काही सोय आता उपलब्ध आहे. लाजेपायी हा प्रश्न राहून जातो आणि पुढे इलाज नसतो. उपचारकाळात गर्भधारणा टाळावी.

शेवटी एक गैरसमज. त्रास झाला नाही म्हणजे औषध लागू पडले नाही, असे काही जण समजतात. हे खरे नाही. दुष्परिणामांवरून औषधाचा गुण मोजता येत नाही. तो तपासणीतूनच कळतो. इमॅटिनिब हे २००१ साली मान्यता मिळालेले औषध आणि त्यानंतर आलेली त्या धर्तीची इतर औषधे, तसेच प्रतिकारशक्तीला जागविणारी औषधे, यांची रीत केमोहून वेगळी आहे. त्यामुळे त्यांचे त्रासही वेगळे असतात. आपल्याला नेमके काय चालू आहे ते लिहून घ्यावे.

घरच्या माणसांनी काय करावे?

१) घरात एक थर्मामीटर आणि एक वही ठेवावी. वहीत डोसाची तारीख, औषधांची नावे, रोजचा ताप, वजन व त्रास लिहावा. डॉक्टरांच्या पाच मिनिटांच्या भेटीत ही वही फार उपयोगी पडते.

२) ताजे, पूर्ण शिजलेले अन्न व उकळलेले पाणी द्यावे. कच्ची मोड आलेली कडधान्ये, उघड्यावरील कापलेली फळे आणि उसाचा रस टाळावा. डाळ, अंडी, मासे, चिकन नीट शिजवून द्यावे. पथ्याच्या नावाखाली रोग्याला उपाशी ठेवू नये. झिजलेले शरीर भरून येण्यास प्रथिने लागतात.

३) काढे, भस्मे, पानांचे रस डॉक्टरांना सांगितल्याशिवाय देऊ नयेत. यकृतावर ताण आला तर केमो थांबवावी लागते.

४) कर्करोग स्पर्शाने पसरत नाही. रोग्याचे ताट-पेला वेगळा करण्याची गरज नाही. वेगळी वागणूक काय असते हे आपल्या समाजाला कोणी शिकवायला नको. ती आपल्याच घरातील आजारी माणसाला देऊ नये. मात्र डोसानंतर सुमारे दोन दिवस रोग्याची लघवी, शौच किंवा उलटी साफ करताना हातमोजे घालावेत, कारण त्यात औषधाचा अंश असतो. सर्दी-खोकला झालेल्या पाहुण्यांना मात्र नम्रपणे थांबवावे.

५) पैशाअभावी उपचार सोडण्यापूर्वी रुग्णालयातील समाजसेवा विभागात जावे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत अंगीकृत रुग्णालयांतून कर्करोगावरील अनेक उपचार होतात. तेथील आरोग्यमित्राला शिधापत्रिका व आधार कार्ड दाखवून पात्रता विचारावी. कर्करुग्ण व सोबत्याला रेल्वे भाड्यात सवलत मिळते. परळचे टाटा स्मारक रुग्णालय १९४१ पासून काम करीत आहे. त्याच्या आधाराने येणाऱ्या बाहेरगावच्या रोग्यांसाठी दादरच्या संत गाडगे महाराज धर्मशाळेसारखी ठिकाणे आहेत.

समारोप

केमोथेरपी हे दुधारी शस्त्र आहे, हे आम्ही लपवीत नाही. तिने सर्वच रोगी बरे होत नाहीत. केव्हा थांबावे, याचाही निर्णय कधीकधी घ्यावा लागतो. परंतु तो निर्णय डॉक्टरांसमोर बसून, हेतू समजून घेऊन घ्यावा. केस गेले, उलटी झाली, शेजारीण काही बोलली किंवा गाडीभाडे नव्हते, या कारणांनी तो घेतला जाऊ नये. पहिल्या तीन कारणांवर उपाय आहेत, आणि चौथ्यासाठी आपण आहोत. आपल्या वस्तीत ज्या घरी केमो चालू आहे त्या घरी जाऊन प्रकृतीची चौकशी करण्याबरोबर पुढच्या डोसाची तारीख विचारावी, आणि त्या दिवशी सोबत कोण जाणार आहे हेही विचारावे. कोणी नसेल तर आपण जावे.